एका मिनिटासाठी ४९ वर्षं

उसेन बोल्टला शंभर मीटर धावायला दहा सेकंदही लागले नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला उद्घाटन सोहळ्यात मिनिटभर गप्प उभं राहायला ४९ वर्षं लागली.

आणि कोणासाठी? स्वतःच्या आवारात मारल्या गेलेल्या स्वतःच्या पाहुण्यांसाठी.

५ सप्टेंबर १९७२, म्युनिक. पहाटे ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी गटाचे आठ बंदूकधारी ऑलिम्पिक ग्रामाचं कुंपण ओलांडून इस्रायली पथकाच्या निवासात शिरले. कुस्तीचे प्रशिक्षक मोशे वाइनबर्ग आणि वेटलिफ्टर योसेफ रोमानो यांनी प्रतिकार केला. दोघांनाही ठार मारण्यात आलं. नऊ जण ओलीस. त्यांच्या बदल्यात दोनशेहून अधिक कैदी सोडा, ही मागणी.

आणि बाहेर? स्पर्धा सुरूच होत्या. सकाळ गेली, दुपार उलटत आली, तेव्हा कुठे खेळ थांबले. दोन मृतदेह ग्रामात, नऊ माणसं दोरीने बांधलेली, आणि मैदानावर गुण मोजले जात होते.

पश्चिम जर्मनीने सुटकेचा बेत आखला. अपहरणकर्ते आठ, नेमबाज पाच. त्यांच्याकडे एकमेकांशी बोलायला वायरलेस नाही. विमानात वैमानिक-कर्मचाऱ्यांच्या वेशात बसवलेल्या पोलिसांनी ऐन वेळी आपसात मतदान घेतलं आणि ते उतरून निघून गेले. फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर नऊच्या नऊ ओलीस मारले गेले. एक जर्मन पोलीसही गेला. पाच हल्लेखोर ठार झाले, तिघे जिवंत सापडले.

त्याच रात्री जगाला बातमी दिली गेली होती की ओलीस सुखरूप सुटले.

हे अकरा जण कोण होते, तेही सांगायला हवं. कारण पुढची सगळी वर्षं त्यांचा उल्लेख ‘ती दुर्दैवी घटना’ असाच होत राहिला. मार्क स्लाविन १८ वर्षांचा कुस्तीगीर. काही महिन्यांपूर्वीच सोव्हिएत संघ सोडून इस्रायलला आलेला. आंद्रे स्पिट्झर २७ वर्षांचे, तलवारबाजीचे प्रशिक्षक, घरी जेमतेम दोन महिन्यांची मुलगी. अमित्झूर शापिरा धावण्याचे प्रशिक्षक. त्यांची शिष्या एस्थर शहामोरोव शंभर मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत उपांत्य फेरीत पोचली होती. ती फेरी ती धावलीच नाही. गुरूचं पार्थिव मायदेशी निघालेलं असताना कुठल्या पायांनी धावायचं?

दुसऱ्या दिवशी मुख्य स्टेडियममध्ये शोकसभा झाली. ऐंशी हजार लोक होते. ऑलिम्पिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, खेळ चालूच राहिले पाहिजेत. इथवर मान्य. बंदूकवाल्याने सांगितलं म्हणून खेळ गुंडाळायचे नसतात.

पण त्याच भाषणात त्यांनी या हत्याकांडाच्या जोडीला ऱ्होडेशियाचा विषय आणला. वर्णभेदी ऱ्होडेशियाला आफ्रिकी देशांच्या दबावामुळे स्पर्धेबाहेर ठेवावं लागलं होतं. ब्रंडेज यांच्या लेखी हेही एक आक्रमण आणि तेही एक आक्रमण. एकीकडे अकरा प्रेतं, दुसरीकडे एका संघाचा रद्द झालेला प्रवेश. दोन्ही एकाच दमात.

झेंडे अर्ध्यावर आले होते. दहा अरब देशांनी हरकत घेतली. त्यांचे झेंडे लगेच पुन्हा वर गेले.

जिवंत पकडलेल्या तिघांचं काय झालं? २९ ऑक्टोबरला लुफ्तान्साच्या विमानाचं अपहरण झालं आणि पश्चिम जर्मनीने तिघांनाही सोडून दिलं. खटला नाही, शिक्षा नाही. म्युनिकला दोन महिनेही पुरे झाले नव्हते.

आता बायकांची गोष्ट. आंद्रे यांच्या पत्नी अँकी स्पिट्झर आणि योसेफ यांच्या पत्नी इलाना रोमानो. या दोघी आणि बाकीची कुटुंबं १९७६च्या मॉन्ट्रियलपासून एकच गोष्ट मागत राहिली. उद्घाटन सोहळ्यात एक मिनिट मौन. पैसा नाही, पुतळा नाही, भाषण नाही.

कारणं मात्र दर चार वर्षांनी तयार असायची. अरब देशांची पथकं उठून जातील, असं आपल्याला ऐकवलं गेल्याचं अँकीबाईंनी अनेकदा सांगितलं आहे. जातील तर जाऊ देत, हे त्यांचं उत्तर. चूक काय होती त्यात? मेलेल्या खेळाडूंसाठी साठ सेकंद उभं राहणं ज्याला जमत नाही, त्याने पाच वर्तुळांच्या झेंड्याखाली कशासाठी चालायचं?

मोजा. मॉन्ट्रियल, मॉस्को, लॉस एंजलिस, सोल, बार्सिलोना, अटलांटा, सिडनी, अथेन्स, बीजिंग, लंडन, रिओ. अकरा उन्हाळी ऑलिम्पिक. अकरा उद्घाटनं. मृतही अकरा. एका उद्घाटनात एका मृताला पाच-सहा सेकंद दिले असते, तरी एव्हाना हिशेब पुरा झाला असता.

आपल्याकडे ग्रामसभा असो की शाळेचं संमेलन, कोणी गेलं असेल तर आधी उभं राहून श्रद्धांजली आणि मग विषयपत्रिका. त्यासाठी कोणी ठराव मागवत नाही. जे खेड्यातल्या सरपंचाला कळतं, ते समितीच्या लोझानच्या मुख्यालयात कळायला अर्धं शतक का लागावं?

समितीला मौनाचंच वावडं आहे का, तर तसंही नाही.

२००२, सॉल्ट लेक सिटी. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला पाच महिने झालेले. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यातून मिळालेला फाटका अमेरिकी झेंडा उद्घाटनाला आणायचा होता. समितीने आधी नकार दिला. अमेरिकेत ओरड झाली. नकाराचा होकार झाला. स्टेडियम स्तब्ध उभं राहिलं, झेंडा आला, आणि ऑलिम्पिकला त्याने काहीही धोका पोचला नाही.

२०१०, व्हँकुव्हर. जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली उद्घाटनाच्याच दिवशी सरावात बर्फाच्या घसरपट्टीवरून फेकला जाऊन मरण पावला. वय २१. त्या संध्याकाळी सोहळ्यात मौन पाळलं गेलं, झेंडे अर्ध्यावर आले. योग्यच झालं. काही तासांत निर्णय झाला, कोणाला याचिका करावी लागली नाही.

म्हणजे इच्छा असली की वेळ सापडतो.

दोन वर्षांनी लंडन. म्युनिकला ४० वर्षं झालेली. याचिकेवर लाखाहून अधिक सह्या. ओबामांचा पाठिंबा. अमेरिकेच्या सिनेटपासून जर्मन संसदेपर्यंत अनेक लोकप्रतिनिधी कुटुंबांच्या बाजूने. समितीचे अध्यक्ष तेव्हा जॅक रॉग. व्हँकुव्हरला मौन पाळलं गेलं तेव्हाही अध्यक्ष तेच. उद्घाटनाचं वातावरण अशा दुःखद घटनेच्या स्मरणाला योग्य नाही, असं त्यांनी सांगितलं.

हे रॉग स्वतः १९७२ला म्युनिकला होते. बेल्जियमचे खेळाडू म्हणून, शिडाच्या बोटींच्या शर्यतीत. त्याच ऑलिम्पिकमध्ये उतरलेला माणूस चाळीस वर्षांनी अध्यक्ष होतो आणि आपल्या सोबतच्या खेळाडूंना एक मिनिट नाकारतो. पॅलेस्टिनी ऑलिम्पिक समितीच्या प्रमुखांनी त्यांना आभाराचं पत्र धाडलं. दबाव कुठून होता, याचा आणखी पुरावा हवा?

उद्घाटनाच्या चार दिवस आधी रॉग यांनी ऑलिम्पिक ग्रामात, मोजक्या लोकांसमोर, मिनिटभर मौन पाळलं. कोट्यवधी लोक टीव्हीसमोर बसतात त्या रात्री नाही. मौन पाळायची तयारी होती, ते कोणाला दिसायला नको होतं.

आणि उद्घाटनाचा सोहळा साडेतीन तासांहून मोठा झाला. त्यात राणी आणि जेम्स बाँडला वेळ होता, मिस्टर बीनला होता.

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट. अक्रम खान यांचं एक शांत, अतिशय सुंदर नृत्य त्या सोहळ्यात होतं. ६ जुलै २००५ला लंडनला ऑलिम्पिक मिळालं आणि ७ जुलैला तिथल्या मेट्रोत आणि बसमध्ये स्फोट होऊन ५२ निरपराध माणसं गेली. ते नृत्य त्यांचीही आठवण मानलं गेलं. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने ते दाखवलंच नाही. त्याऐवजी मायकेल फेल्प्सची मुलाखत लावली. याच एनबीसीवर, इस्रायलचं पथक मैदानात आलं तेव्हा, समालोचक बॉब कॉस्टास यांनी समितीच्या नकारावर बोट ठेवून काही सेकंद स्वतः मौन पाळलं होतं. एका वाहिनीवर, एकाच रात्री, म्युनिकचे मृत आठवले आणि लंडनचे कापले गेले.

२०१६ला रिओत रॉग यांच्यानंतरचे अध्यक्ष थॉमस बाख यांनी ऑलिम्पिक ग्रामात शोकस्थान उभारलं, अकराही नावं वाचली. पुढचं पाऊल पडलं, पण ग्रामातच. अखेर २३ जुलै २०२१ला टोकियोत उद्घाटनातच म्युनिकचा उल्लेख झाला आणि मौन पाळलं गेलं. अँकीबाई आणि इलानाबाई स्टेडियममध्ये होत्या. करोनामुळे प्रेक्षक जवळजवळ नव्हतेच. रिकाम्या खुर्च्यांसमोर का होईना, मागणी पुरी झाली.

एकही पथक उठून गेलं नाही.

मग ४९ वर्षं कशाची भीती होती?

जर्मनीचंही असंच. विमानतळावरच्या त्या गोंधळाची जबाबदारी घ्यायला आणि कुटुंबांशी २ कोटी ८० लाख युरोंचा भरपाईचा करार करायला २०२२ उजाडावं लागलं. तेही कुटुंबांनी पन्नासाव्या स्मृतिदिनावर बहिष्कार टाकायचा इशारा दिल्यावर. राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी माफी मागितली तेव्हा अनेक मृतांचे आईवडील हयात नव्हते.

इथे प्रश्न येणार, येऊ दे. मग गाझात मेलेल्या मुलांचं काय? त्यांचं दुःख कमी का? मुळीच नाही. गाझातल्या लेकरांसाठी ज्याचं काळीज तुटत नाही, त्याने म्युनिकसाठी अश्रू ढाळू नयेत. पण म्हणून म्युनिक पुसून टाकता येत नाही. मार्क स्लाविनने कुठल्याही सरकारचं धोरण ठरवलं नव्हतं. तो कुस्ती खेळायला आला होता, ऑलिम्पिकच्या निमंत्रणावरून. त्याच्या आठवणीची जबाबदारी ज्याने बोलावलं त्याची. यात इस्रायलच्या बाजूचं काही नाही आणि पॅलेस्टाइनच्या विरोधातलंही नाही.

‘खेळात राजकारण नको’ असं जे म्हणतात, त्यांनी दबावाखाली नकार दिला, तेव्हा ते काय करत होते?

ऑलिम्पिकलाच कशाला झोडपायचं? जानेवारी २०१०. आफ्रिका चषकासाठी निघालेल्या टोगोच्या फुटबॉल संघाच्या बसवर अंगोलातल्या काबिंडा भागात फुटीरतावाद्यांनी गोळीबार केला. सहायक प्रशिक्षक आणि संघाचे प्रसिद्धी अधिकारी गेले. गोलरक्षक कोजोव्ही ओबिलाले जबर जखमी झाला. सरकारने संघाला घरी बोलावलं. आफ्रिकी फुटबॉल महासंघाने काय केलं? सरकारी हस्तक्षेप झाला म्हणून टोगोवर पुढच्या दोन स्पर्धांची बंदी घातली.

होय, ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्यांच्यावरच. फिफाने मध्यस्थी केल्यावर काही महिन्यांनी बंदी उठली. ती घालताना कोणाचा हात थरथरला नाही, हे विसरता येत नाही.

मार्च २००९, लाहोर. श्रीलंकेच्या संघाच्या बसवर हल्ला. खेळाडू वाचले, कारण चालकाने गोळ्यांच्या वर्षावात बस थांबवली नाही. जगाला जयवर्धने, संगकारा, समरवीरा ही नावं आठवतात. त्यांना वाचवताना सहा पाकिस्तानी पोलीस मेले. त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल?

जून २०१७, ॲडलेड. लंडन ब्रिजवरच्या हल्ल्यात दोन ऑस्ट्रेलियन तरुणी गेल्या होत्या. सौदी अरेबियाविरुद्धच्या फुटबॉल सामन्याआधी मौन पाळायला ऑस्ट्रेलियाचा संघ मैदानात रांगेत उभा राहिला. सौदी अरेबियाचे बहुतेक खेळाडू आपल्या जागा घेत फिरत राहिले. नंतर त्यांच्या महासंघाने माफी मागितली. साठ सेकंदांत देशाची अब्रू कशी जाते, याला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

आणि कसं करावं? नोव्हेंबर २०१५, वेम्बली. पॅरिसमध्ये १३० माणसं मारली गेली त्याला चारच दिवस झालेले. हल्ल्याच्या रात्री फ्रान्सचा संघ खेळत होता त्या स्टेडियमच्या दारातही स्फोट झाले होते. इंग्लंडविरुद्धचा सामना रद्द झाला नाही. इंग्रज प्रेक्षकांनी फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हटलं. शब्द पडद्यावर दिले होते. मध्यफळीतला लासाना दियारा त्या हल्ल्यात आपली बहीण गमावून बसला होता. चुलत बहीण, पण मोठ्या बहिणीसारखी. तोही मैदानात उतरला.

आता आपल्याकडे. डिसेंबर २००८. मुंबईवरच्या हल्ल्यात १६६ माणसं गेलेली. इंग्लंडचा संघ मायदेशी परतला होता, तो पुन्हा आला. चेन्नई कसोटीत चौथ्या डावात ३८७ धावा हव्या होत्या. सचिनने नाबाद १०३ केल्या, सामना जिंकून दिला आणि शतक मुंबईच्या बळींना अर्पण केलं. गाजावाजा नाही, कोणाला टोमणा नाही. वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेल्या पोराला आपल्या शहराबद्दल जे वाटलं ते त्याने बॅटने आणि दोन वाक्यांत सांगितलं. परत आलेल्या इंग्रजांचेही आपण पुरेसे आभार मानलेले नाहीत.

मग १४ सप्टेंबर २०२५, दुबई. पहलगाममध्ये २६ जणांना मारून पाच महिनेही झाले नव्हते. त्यांतले सहा महाराष्ट्राचे. डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचे एक. आशिया चषकात पाकिस्तानशी खेळू नका, असं काही कुटुंबीयांनी जाहीरपणे सांगितलं होतं. सामना झाला. आपण जिंकलो. मुंबईकर कर्णधार सूर्यकुमार यादवने पहलगामच्या बळींच्या कुटुंबांसोबत असल्याचं सांगितलं आणि विजय सैन्यदलांना अर्पण केला.

आयसीसीने त्याच्या मानधनातले ३० टक्के कापले.

सूर्यकुमारच्या भावनेवर शंका नाही. मनापासूनचं बोलला तो. पण क्रिकेट मंडळाला विचारायलाच हवं. ज्या कुटुंबांनी नको म्हटलं त्यांचं ऐकलं नाही, आणि जिंकल्यावर मात्र त्यांच्या सोबत असल्याचं सांगितलं गेलं. पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन टाळलं, त्यावर आठवडाभर चर्चा झाली. त्या चर्चेत सव्वीस जणांच्या वाट्याला किती मिनिटं आली?

आणि आयसीसी? २०२३च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाने दंडावर काळी फीत बांधली. परवानगी नव्हती म्हणून त्याला ताकीद मिळाली. फीत वैयक्तिक दुःखाची आहे, असं तो सांगत राहिला. शोक करायचा तर आधी मंजुरी आणा, असा हा कारभार. नियम हवेत, मान्य. मैदान प्रचाराचा फड होऊ नये, हेही मान्य. पण मग संघटनेने स्वतःहून मृतांसाठी जागा ठेवायला हवी. ती ठेवायची नाही, आणि खेळाडूने स्वतःची जागा काढली की त्याला दंड करायचा, हा कुठला न्याय?

नियम करणं अवघड नाही. प्रत्येक मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या उद्घाटनात एक मिनिट. स्पर्धेच्या आवारात, स्पर्धेच्या वाटेवर आणि यजमान देशात दहशतवादाने मारल्या गेलेल्यांसाठी. देश बघायचा नाही, धर्म बघायचा नाही, पुढच्या निवडणुकीत कोणाची मतं लागणार ते बघायचं नाही. कुटुंबीयांना पहिल्या रांगेत बसवायचं, मंत्र्यांच्या पुढे. आणि नियम लेखी हवा. तोंडी असला की दर वेळी कोणीतरी विधवा अर्ज घेऊन दारात उभी राहते.

हे आत्ताच बोलायचं कारण आहे. २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या. ग्लासगोत त्यावर शिक्कामोर्तब झालं ती तारीख होती २६ नोव्हेंबर २०२५. त्या दिवशी आपल्याकडे मिठाई वाटली गेली. मुंबईवरच्या हल्ल्याचीच ती तारीख, किती जणांच्या ध्यानात आली?

अहमदाबादलाही स्वतःचे मृत आहेत. जुलै २००८च्या साखळी स्फोटांत त्या शहरात ५६ माणसं गेली. रुग्णालयाच्या दारातही बॉम्ब फुटले होते. राष्ट्रकुलातल्या कितीतरी देशांचं असंच. लंडनची मेट्रो. क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत नमाजाला आलेली ५१ माणसं. श्रीलंकेत ईस्टरच्या सकाळी चर्चमध्ये आणि हॉटेलांत गेलेली अडीचशेहून अधिक.

आणि पेशावर. डिसेंबर २०१४मध्ये शाळेत घुसून मारलेली १३०हून अधिक मुलं. पाकिस्तानही राष्ट्रकुलात आहे.

इथे आपली परीक्षा आहे. मुंबई आणि पहलगामसाठी उभं राहू आणि पेशावरच्या मुलांच्या वेळी खाली बसू, तर म्युनिकला आपले झेंडे वर ओढून घेणाऱ्या त्या दहा देशांना बोल लावायचा अधिकार आपल्याला उरत नाही. आणि हे आपल्याला जमतं. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पंतप्रधानांच्या आवाहनावरून, भारतातल्या शाळांनी पेशावरच्या मुलांसाठी दोन मिनिटं मौन पाळलं होतं. आपल्याच पोरांनी.

उद्घाटनाची मिनिट-मिनिटाची आखणी व्हायला अजून वेळ आहे. एकदा ती झाली की एकेका सेकंदाला प्रायोजक मिळतो, आणि मग मृतांसाठी वेळ नसतो. म्हणून भारतीय ऑलिम्पिक संघटनेला आत्ताच पत्रं लिहा. आपल्या खासदाराला विचारा. अँकी स्पिट्झर आणि इलाना रोमानो यांनी जे मागितलं तेच मागा, आणि २०३०च्या उद्घाटनालाच मागा.